जेवण नाही, मग रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं का?

एकानं विचारलंय की जेवण चुकलं तर जेवणाच्या वेळचं आणि रात्रीचं ग्लार्जिन, अशी दोन्ही इन्सुलिनं टाळायची का. नाही हो. लिस्प्रो, अस्पार्ट ही इन्सुलिनं जेवणासाठीची. साधारण १५ मिनिटांत कामाला लागतात, ३ ते ५ तासांत ओसरतात. जेवणच नसेल तर जेवणाचा डोस नको. ग्लार्जिनचं तसं नाही. ते आम्लधर्मी असतं. कातडीखाली गेलं की ते आम्ल उतरतं, त्यामुळे त्याचे बारीक कण साकळतात आणि जवळपास २४ तास हळूहळू विरघळत राहतात. यकृत उपाशीपोटीही रक्तात साखर सोडतच असतं, ती ग्लार्जिन सांभाळतं. टाइप १ मधुमेहात (यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) ते परस्पर बंद करणं म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसला, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याच्या जीवघेण्या त्रासाला, आमंत्रण. डोस कमी-जास्त करायचा तर डॉक्टरांना विचारूनच. आणि हो, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, तेव्हा टोचण्याआधी इन्सुलिनच्या पेनवरचं नाव वाचाच.