पावडर फाउंडेशन: नाकाजवळ पापुद्रे का दिसतात?

प्रश्न: मी डोंबिवलीची. लिक्विड फाउंडेशन लोकलमध्ये दादर येईपर्यंत घामाने ओघळतं, म्हणून पावडर फाउंडेशन आणि त्याच्याच जोडीचा, आखूड दांड्याचा दाट काबुकी ब्रश घेतला. गालांवर सुरेख बसलं, पण नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटल्यासारखं दिसतं. चुकतंय कुठे?

प्रतिसाद: मॉइश्चरायझरनंतर थांबतेस का? ओल्यावर पावडर पडली की गोळा होतेच. मी १० मिनिटं थांबते, तेवढ्यात डबा भरून होतो. मग नाक टिश्यूने टिपायचं. पावडर झाकणात चिमूटभरच घे, ब्रश फिरव, कडेवर टकटक झटक. गालांपासून सुरुवात कर, हलक्या हाताने गोल गोल. नाकाला ब्रशवर उरलेली पुरते.

प्रतिसाद: शेड जबड्याजवळ, खिडकीच्या उजेडात बघितलीस ना? मी मनगटावर बघून घेतली होती. बहिणीच्या लग्नातल्या फोटोंत चेहरा पांढरा, गळा सावळा. फार वाईट वाटलं.

प्रश्नकर्ती: आज १० मिनिटं थांबले, नाक अगदी नीट! शेडही जुळतेय. ब्रश कशाने धुवू?

प्रतिसाद: बेबी शाम्पू, कोमट पाणी, आठवड्यातून एकदा. केस खालच्या बाजूला धर, दांड्यात पाणी मुरलं की गोंद सुटतो. वाळवायला आडवा ठेव. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली.