स्कूटरचं भलतंच ऑइल काढलं आणि गाडी ६ किलोमीटर चालवली गेली, आता काय करू?

पावसाळी_छत्री

नमस्कार, लिहायला खरंच लाज वाटतेय पण घरी कुणाला विचारता येत नाहीये म्हणून इथे विचारते. आईची 110 सीसीची स्कूटर आहे, सात वर्षं जुनी, ती शिकवते आणि रोज तिच्यावरच शाळेत जाते. ह्या वेळी मीच म्हटलं गॅरेजला नको टाकू, ऑइल मी बदलते. दोन व्हिडिओ बघितले, 700 मिलीची बाटली आणली, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडला लावली. खाली वाकून बघितलं तर मागच्या चाकाजवळ एक बोल्ट दिसला, तोच असणार म्हणून सोडला. ऑइल आलं पण फारच कमी, जुन्या पातेल्याच्या तळाला जेमतेम चहाच्या कपाएवढं, आणि काळंही नाही, मधाच्या रंगाचं. तिथेच थांबायला हवं होतं मी. पण मला वाटलं जुनी गाडी आहे, ऑइल खाल्लं असेल, बरं झालं आपण वेळेत बदलतोय. बोल्ट लावला आणि वरून अख्खी बाटली ओतली. ऑइलची पातळी मोजायची काडी लावून बघितलीच नाही.

सोमवारी आई कोथरूडहून वारज्याला जाऊन आली, येऊन जाऊन 6 किलोमीटर असतील. आल्यावर म्हणाली, "अगं मागून गाडी रडल्यासारखी करतेय, आणि धूर पण येतोय पांढरा." मी काडी काढली तर ती वर आट्यांपर्यंत ओली. मग गाडीसोबत आलेलं पुस्तक शोधलं, त्यात बघितलं तेव्हा कळलं की मी सोडला तो बोल्ट गिअरच्या ऑइलचा होता. म्हणजे गिअरचं ऑइल पूर्ण काढलं आणि इंजिनात दुप्पट भरलं. गिअर गेले असतील का? इंजिनाला काही झालं असेल का? आईला अजून सांगितलेलं नाही, ती उद्या परत गाडी नेणार आहे. प्लीज लवकर सांगा. आणि तुमच्या हातून असं काही झालं असेल तर तेही लिहा, जरा धीर येईल.

उद्यमनगरकर

ताई पहिलं म्हणजे आईंना आज रात्रीच सांगा, आणि आता सेल मारू नका, किक पण नको. बाकी नीट वाचा.

स्कूटरला दोन वेगळी ऑइलं असतात, इंजिनाचं 700 च्या आसपास आणि मागच्या चाकापाशी गिअरबॉक्सचं साधारण 120 मिली. तुमच्या पातेल्यात कपभर आलं ते तेच. ते काळं नव्हतं कारण तिथं काही जळत नाही, नुसते दात एकमेकांवर फिरतात, इंजिनाचं ऑइल मात्र काजळी धरतं म्हणून काळं होतं. आता इंजिनात जुनं 700 आणि नवं 700 आहे. जादा झालं की क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, त्यात घुसळत राहते, ताकासारखा फेस होतो, आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरमध्ये आणि तिथून इंजिनात जाऊन जळतं. पांढरा धूर त्याचा. इंजिन सहसा वाचतं ह्याच्यातून, 6 किलोमीटरला तर नक्की काही झालं नसेल असं मला वाटतं.

करायचं काय, तर इंजिनाचा खरा बोल्ट सोडून सगळं रिकामं करा, अर्धं काढून भागवू नका, त्यात जुनं काळं मिसळलंय. फिल्टरचा डबा उघडा, कागद तेलकट झाला असेल तर नवा टाका, धुऊन परत बसवू नका. नळीत साचलेलं पुसून घ्या. प्लग काढून बघा, ओला असला तर साफ करा. गिअरबॉक्सला नवीन ऑइल भरा, बऱ्याच गाड्यांना लेव्हलचं भोक असतं, त्यातून थेंब यायला लागला की बस. मग मेन स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवा, खरखर लागते का बघा, चाक धरून डावीउजवीकडं हलवा, खेळ आहे का बघा. नंतर 200 किलोमीटरला गिअरचं ऑइल परत काढून बोटांवर चोळा. धातूची चमकी दिसली तर बेअरिंग उघडून बघावं लागंल.

माझी चूक सांगतो. एकोणीस वर्षांचा होतो, उद्यमनगरात एका गॅरेजला कामाला होतो. ड्रेन बोल्ट गळतोय म्हणून रिंग पान्यात हातभर पाइप घालून आवळला. बोल्ट आधी घट्ट झाला आणि मग एकदम मऊ लागला, हाताला कळतंच ते. काढला तर बोल्टाच्या आट्यात अ‍ॅल्युमिनियमची पांढरी तार गुंडाळून बाहेर आली. चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पेटीचे, आटे गेले. गिऱ्हाईक समोर चहा पीत बसलेलं. बोल्ट लोखंडाचा आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळं हरणार ते चेंबरच. भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठीची तारेची गुंडाळी, टाकली, पैसे माझ्या पगारातनं गेले, मालकानं बरोबरच केलं. गळती होती ती जुन्या चपट्या झालेल्या वायसरमुळं. दर वेळी वायसर नवा टाका, बोल्ट आधी बोटांनीच जाईल तेवढा घाला आणि मग छोट्या पान्यानं मनगटाच्या जोरावर आवळा.

रानवाट

उद्यमनगरकर म्हणतात ते जादा ऑइलचं फार खरं आहे, आमचा तर जीवच जाणार होता. नदीकाठच्या शेतात पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. त्याच्या एअर क्लीनरला खाली ऑइलचं भांडं असतं, हवा त्यावरून जाते आणि धूळ ऑइलला चिकटते. भांड्याला आत खूण असते, तिथपर्यंतच भरायचं. मी बारावीला होतो, वाटलं जास्त ऑइल म्हणजे जास्त धूळ अडणार, काठोकाठ भरलं. इंजिन चालू झालं, पाचसात मिनिटं बरं चाललं आणि मग आवाज चढतच गेला. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची दांडी ओढली, काही नाही. डिझेलचा कॉक बंद केला तरी थांबेना, कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं, भांड्यातलं ऑइल हवेबरोबर ओढून तेच जाळत होतं. फाउंडेशनचे बोल्ट हलायला लागले, निळा धूर, पट्टा फडफडतोय. आबा पाटावरून पळत आले, गोणीची चौपदरी घडी केली, तिच्यावर फळी ठेवून हवेच्या तोंडावर दाबून धरली तेव्हा कुठं ते गुदमरून बंद पडलं. त्यावर डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, खटका होता, तो उचलला असता तरी थांबलं असतं, पण मला त्या वेळी सुचलंच नाही आणि आबांनी नंतर तो मला डोळे मिटून दहा वेळा उचलायला लावला. हेड उतरवून काजळी काढायला दोन दिवस गेले, तोवर कांद्याला पाणी नाही.

ताई तुमची गाडी पेट्रोलची आहे, चावी बंद केली की ठिणगी बंद, त्यामुळे अशी सुटणार नाही. पण डिझेल कारवाल्यांनी काडीच्या वरच्या खुणेपलीकडे कधी जाऊ नये.

जर्सी_किनारा

मी न्यू जर्सीत असते, इथे गाडीचं ऑइल मी स्वतःच बदलते. पहिल्या वर्षी ऑइल फिल्टर काढला आणि नवीन बसवला, पण जुन्या फिल्टरची रबराची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, मी बोट फिरवून बघितलं नाही. एकावर एक दोन रिंगा झाल्या. गाडी चालू केली तेव्हा एक थेंब नाही, खूश होऊन निघाले, गल्लीच्या टोकाला ऑइलचा लाल दिवा लागला. मागे वळून बघते तर घरापासून तिथपर्यंत काळी रेघ. लगेच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. शेजारच्या आजोबांनी मांजराच्या ट्रेमध्ये टाकतात ती मातीची खडी पोतंभर आणून दिली, ती पसरून दोघांनी संध्याकाळपर्यंत रस्ता झाडला. मला अजूनही तो रस्ता ओलांडताना आठवतं. तेव्हापासून जुना फिल्टर हातात घेऊन रिंग त्यावर आहे का ते बघितल्याशिवाय नवा लावत नाही.

सुटा_पाना

एक राहिलंय सगळ्यांचं. बाटलीवर जासोचा, म्हणजे जपानी ऑइल-मानकाचा, शिक्का बघा, स्कूटरला एमबी लिहिलेलं चालतं कारण तिचा क्लच ऑइलात बुडालेला नसतो, पण बाईकला एमए किंवा एमए2 च हवं. मी बाबांच्या कारचं उरलेलं ऑइल बाईकमध्ये टाकलं होतं, कात्रज घाटात चौथ्यात इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, क्लच घसरत होता. लगेच बदललं तरी क्लचप्लेटा टाकाव्याच लागल्या.

पावसाळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला त्याच रात्री सांगितलं. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी बसने जाते, तू नीट कर."

इंजिनातून सगळं काढलं, मोजलं तर 1300 च्या वर भरलं. एअर फिल्टरचा कागद खालून भिजला होता, नवीन घातला. गिअरला 120 ची बाटली आणली, भोकातून थेंब आला तेव्हा बाटलीत थोडंच उरलं होतं. दोन्ही वायसर नवे. चाक हाताने फिरवलं, खरखर नाही, खेळ नाही. चालू केल्यावर दहाएक मिनिटं धूर आला, नळीत राहिलेलं जळत असेल, मग थांबला. रडल्यासारखा आवाज पूर्ण गेला नाहीये पण खूपच कमी झालाय, फक्त 40 च्या वर ऐकू येतो. 200 किलोमीटर झाले की ऑइल काढून चमकी बघते आणि इथे लिहिते. गिअरच्या बोल्टाला नेलपेंटचा लाल ठिपका लावलाय.

काढलेलं ऑइल बाटल्यांत भरून ठेवलंय, गटारात ओतायचं नाहीये. कुठे देऊ?

उद्यमनगरकर

जवळच्या कुठल्याही गॅरेजला न्या, त्यांच्याकडं जळक्या ऑइलचा ड्रम असतो, घेणारा येऊन घेऊन जातो. आणि आवाज 40 ला आहे म्हणताय तर 200 ची वाट बघू नका, 100 ला काढून बघा.