पोट्टेहो, बारा क्विंटलचे १८४६४ कसे?

कपाशीवाला मास्तर
दारव्ह्याकडच्या एका गावात संध्याकाळी बारावी-बीसीएच्या पोट्ट्यांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. चार जुने पीसी अन् टर्बो सी, म्हणजे सीचे प्रोग्राम चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, कारण प्रॅक्टिकलला तेच लागते. परवा कापसाचा हिशोब दिला. बारा क्विंटल, भाव सात हजार. उत्तर आलं १८४६४. एकानं तर वहीत उतरवूनही घेतलं. बाजूचा पोट्टा दर हंगामात बापासोबत मापावर जातो, तो म्हणे, "सर, हा तं व्यापाऱ्याच्या वरताण निघाला."

पाच क्विंटलला -३०५३६ आले, म्हणजे कापूसही द्या अन् वरून पैसेही. ते बरं, चूक लगेच दिसते. १८४६४ खरं वाटते, तेच वाईट.

आजवर पहिला महिना फक्त इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार, शिकवत होतो. आता शॉर्ट, लाँग (लहान-मोठ्या आकड्यांचे प्रकार), अनसाइन्ड (उणे आकडा न घेणारा) सगळं आधीच सांगू का? तक्ता दिला की पोट्टे पाठ करून मोकळे होतात.

जुना प्रोग्रामर, अमरावती
टर्बो सीचा इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या वर जात नाही. १६ बिटांत ६५५३६ च आकडे मावतात, म्हणून ८४००० मधून ६५५३६ गेले, उरले १८४६४. टर्बो सीच्या जागी जीसीसी हा नवा कंपायलर टाका. तिथं इंट ३२ बिटांचा, दोनशे कोटींच्या वर जातो.

कपाशीवाला मास्तर
टाकीन हो, पण परीक्षेला पोट्टे बसतात टर्बो सीवरच. अन् एकानं एकूण रक्कम लाँगमध्ये ठेवली, तरी १८४६४च.

वऱ्हाडी बिट
येईलच न भाऊ. क्विंटल इंट, भाव इंट, म्हणून गुणाकार इंटमध्येच झाला. उत्तर लाँगमध्ये गेलं ते नंतर. पायलीतच सांडलं, मग पोतं मोठं असून काय उपयोग? भाव लाँग करा, छापताना टक्के-एल-डी (%ld, लाँग छापायची खूण) लावा.

अनसाइन्ड सध्या काढूच नका. पाच हजारांच्या मालातून आठ हजारांची उचल वजा केली, की टर्बो सी कास्तकाराला ६२५३६ रुपये द्यायचे दाखवते. कास्तकार खुश, पण हिशोब बुडाला. अन् पुढं जीसीसीवर गेले की लाँगच्या भरवशावर राहू नका. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ चा, विंडोजवर ३२ चाच. मोठ्या रकमेला लाँग लाँग.

कपाशीवाला मास्तर
हे पटलं. तक्ता राहू द्या. ज्यानं १८४६४ वहीत उतरवलं, त्यालेच उद्या फळ्यावर बारा गुणिले सात हजार करायला लावतो, मग मशीनवर. लाइन राहिली तर.