बी.ई. करून दोन वर्षांत थेरपिस्ट? मला नाही पटत

खडीसाखर:
परवा सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर आलं. आमच्याच बी विंगमधला मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर, दहा वर्षं आयटीत, मध्येच डिस्टन्सने दोन वर्षांत एम.ए. सायकॉलॉजी केलं आणि आता 'सायकॉलॉजिस्ट अँड थेरपिस्ट, पहिलं सेशन फ्री'. मुलगा गुणी आहे, माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण मी बी.ए.ची तीन वर्षं काढली, एम.ए.ची दोन, मग शाळेत समुपदेशन करणाऱ्या सीनियर मॅडमच्या हाताखाली दीड वर्ष, तेव्हा कुठे मला एकटीला मुलासमोर बसू दिलं. बी.ए.ला म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाची पट्टी सरकवत बसायचो, बाणांची तोंडं आत की बाहेर यावरून तेवढीच रेघ लांब दिसते की आखूड, आतून बाहेर रीडिंग, बाहेरून आत रीडिंग, आणि जर्नल सरांनी दोनदा परत केलेलं. वैताग यायचा. पण माणूस डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा चुकीचं सांगतो आणि वर त्याची खात्री असते, हे तिथे मुरलं. असं मुरायला वेळ लागतो हो. बी.ए. मराठीवाल्याला थेट एम.टेक. सिव्हिलला घ्याल? त्याला पूल बांधायला द्याल?

अर्धवट_इंजिनिअर:
पुलाचं उदाहरण तेवढं नको, नोकरी आयटीत केली तरी मी सिव्हिलचाच आहे. पूल एम.टेक.वाल्यालाही पहिल्या दिवशी देत नाहीत, तो आधी साइटवर उन्हात उभा राहून मुकादमाकडून शिव्या खातो.
मी पण बाहेरून आलेलाच. इग्नूचं एम.ए., वयाच्या ३६व्या वर्षी. आमच्या बॅचमध्ये नर्स होत्या, एक बँकवाले काका होते, शिक्षिका तर ढीगभर. स्टॅट्स आलं की बी.ए. सायकॉलॉजीवाले माझ्याकडे यायचे, आनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करायची चाचणी) समजावून सांग म्हणून. आणि रात्री दीडला सर्व्हर पडला म्हणून उठवलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं हे मला पुस्तकातून वाचावं लागत नाही. तुमची पट्टी चांगलीच आहे, पण ती सरकवायला तीन वर्षं लागत नाहीत, मी एका शनिवारी सरकवली. एरिक एरिक्सनकडे तर साधी बी.ए.ची पण पदवी नव्हती, त्याचे माणसाच्या मानसिक वाढीचे आठ टप्पे आपण सगळेच पाठ करतो ना?

खडीसाखर:
एरिक्सन कसा आठवणार नाही, बाहेरून आलेला प्रत्येक जण त्यालाच पुढे करतो. पदवी नव्हती, मान्य. पण व्हिएन्नात तो काही वर्षं ॲना फ्रॉइडकडे (सिग्मंड फ्रॉइडची मुलगी) स्वतःचं ॲनॅलिसिस, म्हणजे मनोविश्लेषण, करून घेत होता, तिथल्या मनोविश्लेषणाच्या इन्स्टिट्यूटमधून ट्रेनिंग पुरं करून १९३३ मध्ये बाहेर पडला. त्याने पोस्टर नव्हतं लावलं.

लेस्टरची_माई:
इकडे यूकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीवरून सायकॉलॉजीत येण्याच्या याच प्रकाराला कन्व्हर्जन म्हणतात, मी केलंय म्हणून लिहिते. मी मूळची सांगलीची बी.कॉम. हा कोर्स फुलटाइम एक वर्षाचा असतो, मी नोकरी आणि पोरं सांभाळून दोन वर्षांत केला. यात एक गंमत अशी की एम.एस्सी. नाव असलं तरी आतला माल बराचसा बी.एस्सी.चा असतो: बायॉलॉजिकल, कॉग्निटिव्ह, डेव्हलपमेंटल, सोशल, इंडिव्हिज्युअल डिफरन्सेस, वर रिसर्च मेथड्स आणि स्वतःचा प्रोजेक्ट. म्हणजे खडीसाखर म्हणतात तो पाया एका वर्षात ठासून भरतात. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेला कोर्स नीट पास झालात की जीबीसी (सोसायटीच्या चार्टर्ड सभासदत्वाची पहिली पायरी) मिळतं, आणि घरी सगळ्यांना वाटतं झाली ही सायकॉलॉजिस्ट. सासूबाईंनी इचलकरंजीत पेढे वाटले. प्रत्यक्षात हातात काय, तर पुढच्या रांगेत उभं राहायची परवानगी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला वर तीन वर्षांचं डॉक्टरेट लागतं, त्याच्या जागा कमी आणि अर्ज भरमसाट, शिवाय तिथे पोचायच्या आधी वॉर्डात सपोर्ट वर्कर म्हणून पेशंटबरोबर बसून काढलेले महिने विचारतात. पण बी.एस्सी. केलेली मुलगी आणि कन्व्हर्जनवाली मी, दोघी त्याच रांगेत. कुणी विचारत नाही तू आधी काय होतीस.

कायद्याचं_बोला:
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. आपल्याकडे मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण हे लिहिलेलं आहे, एम.ए.नंतरचं आरसीआयमान्य (आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. हा त्याचा नेहमीचा रस्ता. नुसत्या एम.ए.वर ते बिरूद लावता येत नाही, मग बी.ए. कशातही असो. (ते एम.फिल.सुद्धा नव्या शैक्षणिक धोरणात गुंडाळायला काढलंय आणि पोरं टांगणीला, तो वेगळा धागा होईल.) आणि डिस्टन्सचा वाद आता शिळा झाला, यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन प्रवेश बंदच केलेत.

अर्धवट_इंजिनिअर:
शिळा कसा? दार बंद कुणासाठी झालं बघा की. पंचविशीतल्या पुण्याच्या मुलाला काय, तो कॉलेजात जाईल. होम लोन असलेल्याने, जिल्ह्याच्या गावातल्या शिक्षिकेने काय करायचं? खोट होती ती इंटर्नशिपमध्ये. मी जिथे केली (नाव नको) तिथे मला फायली लावायला आणि फॉर्म भरून घ्यायला बसवलं, वर शेवटी सर्टिफिकेटवर छान शेरा. ते दुरुस्त करायचं सोडून कोर्सच बंद.

जागरण:
मी तिसऱ्या बाजूचा, म्हणजे खुर्चीत समोर बसलेला. झोप नाही, छातीत धडधड, चहाचा कप धरला की बशी वाजायची. एका थेरपिस्टकडे गेलो, माणूस गोड. सहा सेशन श्वासाचे व्यायाम आणि 'विचार लिहून काढा'. वही भरली. मग बायकोने फॅमिली डॉक्टरकडे ओढत नेलं, त्यांनी पाच मिनिटांत मान चाचपली आणि रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड वाढलेला निघाला. त्या थेरपिस्टची डिग्री कुठली होती हे मला आजही माहीत नाही, मी विचारलंच नव्हतं. भिंतीवर फ्रेम होती, लांबून चांगली दिसत होती.

खडीसाखर:
बघा, हेच म्हणते मी. 'आधी डॉक्टरला दाखवलंत का' हा प्रश्न आमच्या मॅडमनी मला इतक्यांदा विचारायला लावला की मी आता वॉचमनलाही विचारते.

अर्धवट_इंजिनिअर:
पण ताई, हे तुम्हाला बी.ए.ने नाही शिकवलं, मॅडमनी शिकवलं. तेच तर मागतोय मी. सुपरव्हिजन द्यायला माणूस मिळत नाही, मिळाला तर तासाला जे सांगतो ते ऐकून परत आयटीत जावंसं वाटतं. तुमच्या मॅडम घेतात का कुणाला? खासगी मेसेज करू का?

खडीसाखर:
त्या रिटायर झाल्या, पण आठवड्यातून एक दिवस अजून येतात. विचारून बघते. आणि आता निघालंच आहे तर सांगते, मॅडम एम.एस.डब्ल्यू. आहेत, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, सायकॉलॉजीतली नाही. त्याआधी बी.एस्सी. बॉटनी. हसा.

अर्धवट_इंजिनिअर:
हसत नाहीये. नंबर पाठवा.