रिमॅप केलेल्या पोलो जीटी टीएसआयसाठी पावसाळी घाटात भरवशाचे टायर हवे आहेत: १५ इंच ठेवावे की १६ इंचावर जावे?

नमस्कार.

माझ्याकडे २०१५ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी (दुहेरी क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स असलेल्या या गाडीची मूळ शक्ती १०५ पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे. पहिल्या टप्प्याचा रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील प्रणालीत बदल, केल्यावर दोन्ही आकडे बरेच वाढले असून, गाडी सुमारे ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगही बसवल्या आहेत. ट्रॅकवर गाडी नेण्याचा माझा विचार नाही. रोजची धाव पुणे शहरातली, अधूनमधून द्रुतगती मार्गाने मुंबई, आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे कोकण असा तिचा वापर आहे. त्यामुळे कोरड्या रस्त्यावरच्या पकडीपेक्षा ओल्या घाटातील पकड आणि ब्रेकिंग मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सध्या गाडीला १८५/६० आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंच) हे मूळ मापाचेच टायर आहेत. चढणीच्या वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये थोडा जास्त पाय दिला की आतल्या बाजूचे पुढचे चाक जागीच फिरते, ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लुकलुकतो आणि यंत्रणा शक्ती कापते. शिवाय पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड लवकर झिजली आहे. बाहेरून पाहिल्यास टायर चांगले दिसतात, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे हात घातला की आतल्या कडेला रबर झीजदर्शक पट्टीच्या पातळीला, म्हणजे १.६ मिलिमीटरला आलेले बोटांना जाणवते. गाडी खाली आणल्यावर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकाची आत-बाहेरची दिशा) बदलतात, हे त्यामागचे कारण असावे. या गाडीत पुढच्या कॅम्बरला फारसा वाव नसतो, टो मात्र नीट बसवून घेता येतो, म्हणून नवे टायर बसवतानाच अलाइनमेंट करून घेणार आहे.

खरा प्रश्न मापाचा आहे. पोलो जीटीच्या नंतरच्या आवृत्तीला कंपनीनेच १९५/५५ आर १६ हे माप दिले होते, त्यामुळे ते या गाडीला परके नाही. गाडीच्या मूळ तपशिलांत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि विमा यांचा विचार करता मला हे माप सर्वांत सुरक्षित वाटते. १६ इंच म्हटले की खड्ड्यात रिम वाकणार, असे बहुतेक जण सांगतात. हिशेब केल्यावर मात्र चित्र वेगळे दिसते. सध्याच्या टायरच्या साइडवॉलची उंची १११ मिलिमीटर आहे आणि १९५/५५ ची सुमारे १०७, म्हणजे फरक अवघा चार मिलिमीटरचा. पण चाकाचा एकूण व्यास ६०३ वरून जवळपास ६२१ मिलिमीटर होतो, म्हणजे तीन टक्के वाढतो. परिणामी गिअरिंग तेवढेच लांब होते, चाकापाशी पोहोचणारा जोर किंचित घटतो आणि वेगदर्शकही मूळ टायरच्या तुलनेत कमी वेग दाखवू लागतो. २०५/५० आर १६ घेतल्यास व्यास साधारण ६११ मिलिमीटर होतो, वाढ दीड टक्क्याच्या आत राहते आणि रुंदीही मिळते, पण साइडवॉल १०२.५ वर येते. मूळ रिमवरच राहून १९५/५५ आर १५ घेतले तर व्यास सव्वा टक्क्याने घटतो, आणि आधीच खाली आलेली गाडी आणखी सुमारे चार मिलिमीटर खाली जाते. आमच्या सोसायटीच्या गतिरोधकांवर तेही जाणवेल.

मला काळजी आहे ती चाकावरच्या कमानीतल्या जागेची. १९५/५५ आर १६ मध्ये त्रिज्या नऊ मिलिमीटरने आणि रुंदी दहा मिलिमीटरने वाढते. मूळ उंचीच्या गाडीत ते सहज बसते, हे कंपनीनेच दाखवून दिले आहे, पण ३० मिलिमीटर खाली आणलेल्या गाडीत चार माणसे बसलेली असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात चाक गेले तर टायर लायनरला (कमानीच्या आतल्या आवरणाला) घासतो का? ज्यांनी अशी जोडणी प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बसण्याच्या पृष्ठभागाचे अंतर) यांसह अनुभव लिहावा, ही विनंती. या गाडीला ५×१०० बोल्ट-मांडणी (१०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि ५७.१ मिलिमीटरचे मध्यछिद्र लागते. रिम जड असेल तर उसळी आणि ब्रेकिंग दोन्ही बिघडतील, म्हणून वजनही कळले तर बरे होईल.

टायरच्या निवडीत मिशेलिन प्रायमसी ४ एसटी आणि कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ ही दोन नावे वारंवार पुढे येतात. दोन्ही मुळात आरामाकडे झुकलेले असल्यामुळे वाढलेल्या टॉर्कला त्यांची साइडवॉल पुरेशी ताठ राहते का, याची शंका आहे. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट मालिकेसारखा खास स्पोर्टी टायर मिळाला तर आवडेलच, परंतु जून २०२० पासून आयातीवर निर्बंध असल्यामुळे लहान मापांत हवे ते मिळेलच असे नाही. एका विक्रेत्याने जुन्या साठ्यातील संच सुचवला होता, पण साइडवॉलवरील चार अंकांवरून, म्हणजे आठवडा आणि वर्ष यांवरून, तो बराच जुना असल्याचे दिसले आणि मी तो नाकारला. ट्रेडवेअरचा (टायर किती टिकेल हे दर्शवणारा) आकडा कमी असला तरी चालेल. टायर दोन वर्षे आधी बदलावे लागले तरी हरकत नाही, मात्र मुसळधार पावसात साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगता कामा नये. तेवढ्यासाठीच २०५ च्या रुंदीबाबत मी साशंक आहे, कारण तेवढ्याच वजनाच्या गाडीला रुंद टायर पाणी कापायला अधिक अवघड जातो.

चारही टायर एकदमच बदलणार आहे. ओढ पुढच्या चाकांवर असल्यामुळे फक्त पुढचे दोन नवे घ्यावेत, असा सल्ला मिळाला होता, पण मागचे झिजलेले टायर ओल्या वळणात आधी सुटले तर गाडी सावरणे फार कठीण असते, म्हणून तो मला पटला नाही.

तेव्हा वरील दोन टायरांपैकी कोणताही रिमॅप केलेल्या पोलोवर किंवा तत्सम पुढची ओढ असलेल्या गाडीवर निदान एक पूर्ण पावसाळा वापरला असल्यास, अर्धी झीज झाल्यानंतर त्याची ओल्या रस्त्यावरची पकड कशी राहिली, आणि हवेचा दाब पुढे-मागे किती ठेवला होता, हे कृपया सांगावे. पुण्यात खाली आणलेल्या गाडीचा टो काळजीपूर्वक बसवून मोजमापाचा छापील अहवाल देणारे ठिकाण माहीत असेल, तर तेही कळवावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी टायर बसवून, थोडे अंतर चालवून घेण्याचा मानस आहे.