डीओई शिकायचं तर पहिला प्रयोग हातानं, सॉफ्टवेअर नंतर

मोल्डिंगवाला (धागाकर्ता):
‘डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ (डीओई), म्हणजे अनेक सेटिंग ठरवून एकत्र बदलत प्रयोग आखण्याची पद्धत. तिचं तीन दिवसांचं ट्रेनिंग आता बहुतेक मोठ्या कंपन्यांत होतं. पहिल्या दिवशी स्लाइड्स, दुसऱ्या दिवशी मिनिटॅब हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर, तिसऱ्या दिवशी सरावाचा प्रयोग म्हणून कागदी हेलिकॉप्टर उडवायचं की सर्टिफिकेट हातात. महिन्याभरानं त्याच इंजिनिअरच्या प्लास्टिक मोल्डिंग मशीनवर जाऊन बघा. होल्डिंग प्रेशर (साच्यात प्लास्टिक दाबून धरणारा दाब) जरा वाढव, पार्ट बघ. मोल्ड टेम्परेचर जरा वाढव, पार्ट बघ. एका वेळी एकच नॉब, जसं आधी चाललं होतं तसंच.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. चालू सेटिंगवर शंभरातले 12 पार्ट सिंक मार्कमुळे (पृष्ठभागावरच्या खळग्यांमुळे) रिजेक्ट होतात. फक्त टेम्परेचर वाढवलं, रिजेक्शन 13. नको म्हणून परत खाली आणलं. फक्त प्रेशर वाढवलं, 10. ठीक आहे, इथंच थांबू, असं आपला माणूस म्हणतो. पण दोन्ही वाढवल्यावर रिजेक्शन 4 होतं, आणि त्या सेटिंगवर तो कधी गेलाच नाही! चारही रन (एकेका सेटिंगवरच्या चाचण्या) घेतले की हिशेब पाटीवर होतो. प्रेशरचा परिणाम: 10 आणि 4 ची सरासरी 7, 12 आणि 13 ची 12.5, म्हणजे उणे 5.5. तसंच टेम्परेचरचा उणे 2.5. आणि दोघांचा मिळून जो इंटरॅक्शन (एकाचा परिणाम दुसऱ्याच्या सेटिंगवर किती बदलतो ते), तो 12 आणि 4 ची सरासरी 8 वजा 13 आणि 10 ची 11.5, असा उणे 3.5, म्हणजे एकट्या टेम्परेचरपेक्षा मोठा. हे ज्यानं स्वतः एकदा मांडलं, तो पुन्हा एकेक नॉब फिरवत बसणार नाही. म्हणून माझं मत: पहिला प्रयोग पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअर उघडूच देऊ नये.

शिफ्ट_इनचार्ज:
साहेब, बेरीज-वजाबाकी कुणाला येत नाही? आमचं घोडं अडतं ते भलतीकडेच. मी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमध्ये आहे. ‘रन रँडम क्रमानं घ्या’ म्हणायला सोपं आहे. होल्डिंग फर्नेसमधलं (वितळलेलं मेटल गरम ठेवणाऱ्या भट्टीतलं) मेटल 680 अंशांवरून 640 ला आणायचं, परत 680 ला न्यायचं, दर वेळी डाय (साचा) स्थिर होईपर्यंतचे शॉट (एकेका वेळचं ओतकाम) भंगारात टाकायचे, आणि प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा. मग आम्ही काय करतो? सकाळी सगळे 680 चे रन, दुपारी सगळे 640 चे. हे हातानं केलं काय, मिनिटॅबमध्ये केलं काय, फरक काय पडतो?

आकडेमोड:
पडतो, आणि नेमका इथंच पडतो. (मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.) तुमची अडचण शेतीवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड कृषी केंद्रात गेले. रँडमायझेशन (क्रम चिठ्ठ्यांनी ठरवणं), रेप्लिकेशन (तीच सेटिंग पुन्हा लावणं), ब्लॉकिंग (सारख्या परिस्थितीतले रन एका गटात ठेवणं) हे सगळं तिथल्या शेतांतून आलं. पाणी दर छोट्या वाफ्याला वेगळं देता येत नाही, वाण मात्र बदलता येतो. म्हणून पाण्यासाठी मोठे तुकडे, त्यांच्या आत वाणांचे छोटे. हाच स्प्लिट-प्लॉट. आपल्याकडे कृषी महाविद्यालयातली मुलं हे शिकतात, मेकॅनिकलची सहसा नाही, हे मला अजब वाटतं.

तुमच्या प्रयोगात मेटल टेम्परेचर म्हणजे पाणी. ते दिवसातून एकदाच बदललं तर सकाळ-दुपारचा जो काही फरक असेल, ऑपरेटर बदलला, डाय तापली, तो सगळा टेम्परेचरच्या नावावर जमा होतो. शॉट शंभर घ्या, टेम्परेचरचा रन प्रत्येकी एकच. सॉफ्टवेअरला तुम्ही हे सांगितलं नाही तर ते ते शंभर शॉट स्वतंत्र धरेल आणि बेधडक छोटी पी-व्हॅल्यू, म्हणजे ‘हा फरक योगायोग नाही’ असं सुचवणारा आकडा, काढून देईल.

एल९_समर्थक:
एवढं पुराण कशाला? जपानी इंजिनिअर तागुचींची तयार टेबलं वापरा. एल-9 टेबलात चार फॅक्टर, प्रत्येकाच्या तीन लेव्हल, 81 ऐवजी 9 रन. जपानच्या इना टाईल कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. भट्टीतलं टेम्परेचर सगळीकडे सारखं नव्हतं म्हणून टाइल्सचे आकार कमी-जास्त व्हायचे. भट्टी नवी बांधली नाही, मिश्रणातला चुना 1 टक्क्यावरून 5 टक्के केला, काम झालं. शॉपफ्लोअरला हेच परवडतं.

मोल्डिंगवाला:
चुन्याचं उदाहरण मलाही आवडतं. टेम्परेचर आवरण्यापेक्षा पार्टला त्याची फिकीर राहू नये असं करणं, हा विचार मोठाच. पण टेबल डोळे मिटून भरू नका. एल-8, म्हणजे आठ रनच्या टेबलात, तिसरा कॉलम म्हणजे पहिल्या दोन कॉलमांचा इंटरॅक्शन. तिथं तुम्ही सायकल टाइम बसवला, तर दिसलेला परिणाम सायकल टाइमचा की प्रेशर-टेम्परेचरच्या जोडीचा, हे त्या आठ रनमधून कळणारच नाही. अधिक-उण्याच्या खुणा स्वतः भरल्या की हे डोळ्यांना दिसतं.

शिफ्ट_इनचार्ज:
मॅडमचं पटलं, मोल्डिंगवाल्यांचं निम्मं. आमच्याकडे पोरोसिटी (कास्टिंगमधली छिद्रं) दोन इन्स्पेक्टर डोळ्यांनी ठरवतात आणि दोघांचं एकमत होत नाही. आधी ते निस्तरायला हवं. नाहीतर आठ रन घ्या नाहीतर ऐंशी, मोजणार काय? मेंटेनन्सनंतर मशीन थोडा वेळ मोकळं मिळतं. मेटल टेम्परेचर तसंच ठेवून फक्त प्लंजर स्पीड (मेटल डायमध्ये ढकलणाऱ्या दट्ट्याचा वेग) आणि प्रेशर, चार सेटिंग, प्रत्येक दोनदा. हिशेब मात्र मी मिनिटॅबमध्येच करणार.

आकडेमोड:
करा. फक्त आठही रनचा क्रम चिठ्ठ्या टाकून काढा, आणि ‘दोनदा’ म्हणजे सेटिंग मोडून पुन्हा लावायचं. लागोपाठचे दोन शॉट धरू नका.