कॅन्सर झाल्यावर डॉक्टरांनी सिगारेटचा विषय काढावा का?

निशाचर: काकांना घशाचा कॅन्सर आहे. तपासणीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अजून ओढता का?" मग झाडाझडती. व्हायचं ते होऊन गेलंय, आता माणसाला टोचून काय मिळतं? निदानानंतर हा विषय बंदच करावा.

आडवाटे: साफ असहमत. रेडिएशनचा पूर्ण परिणाम व्हायला गाठीला ऑक्सिजन लागतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा अडवतो, ऑक्सिजन कमी पोचतो. म्हणजे रोज मशीनखाली झोपायचं आणि बाहेर येऊन त्याच उपचारावर पाणी ओतायचं! अर्लोटिनिब, इरिनोटेकॅनसारखी कॅन्सरची औषधंसुद्धा ओढणाऱ्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडतात. ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो तो वेगळाच. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या) २०१४ च्या अहवालात स्पष्ट आहे की कॅन्सर झाल्यावरही धूम्रपानामुळे मृत्यूचा धोका वाढतो. विषय बंद कसा करणार?

निशाचर: यातलं एक अक्षर काकांना कुणी सांगितलेलं नाही. "ओढलीत ना, आता भोगा" हा सूर मात्र दरवेळी. आता ते "सोडली" म्हणून ठोकून देतात आणि तपासणीच्या दिवशी शर्ट बदलून जातात.

सुमा_क: वॉर्डात काम करते म्हणून सांगते, खोटं बोलणारे ते एकटे नाहीत. फाइलवर "स्मोकर" लिहायचं आणि पान उलटायचं, एवढ्यावरच बहुतेकदा भागतं. निकोटिनचे पॅच, व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या या सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या उपायांची नावंही निघत नाहीत. निदानाच्या धक्क्यात, झोप उडालेली असताना, निव्वळ मनाच्या जोरावर सोड म्हणणं हा उपचार नव्हे.

आडवाटे: मान्य, पण ओपीडीत एका पेशंटला किती वेळ देणार? निदान विचारतात तरी.

सुमा_क: "ही थेरपी नीट लागू पडावी म्हणून सोडायला मदत करतो, चालेल?" याला किती वेळ लागतो? पुढचं समुपदेशकाकडे सोपवा.

फक्तवाचक: मी आयुष्यात एकदाही ओढली नाही. तरी फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटलं की नजर बदलते. माझ्यापुरता तो प्रश्न आरोपच असतो.

आडवाटे: तुमचं दुःख खरं आहे. पण उत्तर माहीत नसताना डॉक्टरांनी विचारायचंच नाही का?

निशाचर: आणि शेवटच्या टप्प्यात? तिथे तरी ओढू द्याल?

सुमा_क: तिथे मी गप्प बसते. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र काडी पेटवू देत नाही.